चौथ्या रांगेतली कडेची खुर्ची

११ मे

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. मांडीचं हाड मोडलेला माणूस जितका बरा असू शकतो तितके नाना बरे आहेत. उन्हाळा संपेपर्यंत पाय जमिनीला टेकवायचा नाही असं हाडांच्या डॉक्टरांनी बजावलंय. ते ऐकताना नाना डॉक्टरांकडे न बघता माझ्याकडे, स्वतःच्या लेकीकडेच, रागाने बघत होते. जणू शिक्षा मीच सुनावली होती. फोन त्यांच्या उशाशी आहे आणि आपण काय बोलतो ते शब्दन् शब्द त्यांना ऐकायचं असतं, म्हणून पत्रच बरं.

आता मुद्द्याचं. बागेतल्या जॅझच्या कार्यक्रमांचा माझा उन्हाळी पास तुझ्याकडे देऊन आले ते तो कपाटात ठेवायला नाही. वर्षभर रुग्णालयात मी लोकांच्या कानाला यंत्र लावून ऐकू येतंय का, ऐकू येतंय का, असं विचारत असते. तिकडे पाऊस जुलैच्या मध्यापर्यंत येत नाही, तोवर उन्हाळ्यातल्या शनिवारी संध्याकाळी मात्र माझ्या कानांची पाळी असते. या वर्षी ती गेली. माझी चौथ्या रांगेतली कडेची खुर्ची रिकामी राहिलेली मला सोसवणार नाही, म्हणून तू जा. पिशव्या घेऊन जाऊ नकोस, शेजारच्याशी बोलू नकोस. एकटं वाद्य वाजून संपलं की मध्येच टाळी वाजवायची असते, पण ती इतरांचं बघून वाजव. आणि घरी आलीस की मला सगळं लिही. कोण आलं, काय वाजलं, वारा कसा होता, सगळं.

शेजारच्या खुर्चीवर एक निवृत्त दंतवैद्य बसतात. ते बोलत नाहीत. त्यांना त्रास देऊ नकोस.

मुलांना पापा. आशीर्वाद आहेतच, पत्र मात्र वेळेवर हवं.

तुझी ताई

---

१९ मे

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस म्हणून गेले, नाहीतर हॉटेलच्या पडद्यांची ऑर्डर डोक्यावर असताना मी दुकानातून हलले नसते. आमचे हे म्हणाले की ताईंचा हुकूम आहे, झालरी मी बघतो. तू मेहुण्यांना चांगलं धाकात ठेवलं आहेस.

खरं सांगू का, पहिला अर्धा तास मला वाटलं की ही मंडळी अजून वाद्यं जुळवताहेत. मग लोक टाळ्या वाजवायला लागले तेव्हा कळलं की एक गाणं होऊनसुद्धा गेलं. पियानोवर ताडपत्री बांधून सावली केली होती, तरी पियानोवाला सारखा एकच पट्टी दाबून तोंड वाकडं करत होता. माणसाएवढं ते उभं तंतुवाद्य वाजवणारा मुलगा वाद्याला मिठी मारून पेंगतोय असं मला वाटलं. मीही थोडी पेंगले. रागावू नकोस.

तुझे दंतवैद्य बोलत नाहीत हे तुला कोणी सांगितलं? मी बसले तर त्यांनी विचारलं की ही खुर्ची ज्यांची आहे त्या कुठे आहेत. मी सगळं सांगितलं. मग मध्यंतरात मी त्यांना विचारलं की हे लोक एकच गाणं वाजवताहेत की प्रत्येक जण आपलं वेगळं. ते इतके हसले की पुढच्या रांगेतल्या पंखा घेऊन बसणाऱ्या बाई वळून बघायला लागल्या. त्यांनी मला सांगितलं की प्रत्येकाच्या पायाच्या अंगठ्याकडे बघा, अंगठे सगळ्यांचे एकत्र हलतात. आणि खरंच हलत होते. उत्तरार्ध मी बुटांकडे बघण्यात घालवला आणि झोप आली नाही.

नानांना माझा नमस्कार. माझी आठवण काढतात का?

लोभ पुरवून वापर, एवढंच मागणं.

तुझी ठकी

---

२४ मे

चि. ठकीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. हसले. पेंगल्याबद्दल रागावले नाही. तुझ्याकडून तेवढीच अपेक्षा होती.

त्या तंतुवाद्याला बास म्हणतात आणि तो मुलगा पेंगत नसतो. तो थांबला तर बाकी सगळे धडाधड पडतील. पुढच्या वेळी फक्त त्याला ऐक, बाकीच्यांना सोडून दे.

दंतवैद्य हसले हे वाचून नवल वाटलं. नऊ उन्हाळे मी त्यांच्या शेजारी बसले आहे. आल्यावर मान हलवतात, निघताना मान हलवतात. मला वाटायचं त्यांचा स्वभावच तसा. ते अंगठ्यांचं त्यांनी मला कधी सांगितलं नाही. अर्थात मला सांगायची गरज नव्हती.

नाना तुझी आठवण काढतात. सारखी काढतात. सकाळी मी त्यांना कुशीवर वळवते तेव्हा म्हणतात की ठकीचा हात हलका आहे. तू त्यांना कधी कुशीवर वळवलं होतंस, हे मी विचारत नाही.

दुपारी ऊन उतरेपर्यंत ते झोपत नाहीत. मग आईच्या गोष्टी निघतात. लग्नाआधी ती तारखात्यात कामाला होती आणि बोटांनी टेबलावर तारेच्या भाषेत टकटक करून बहिणीशी चहाड्या करायची, हे तुला माहीत होतं? मला नव्हतं.

शनिवारी परत जा. लिही.

ताई

---

३ जून

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

ताई, तू सांगितलंस तसं मी फक्त बास ऐकला आणि माझं काहीतरी बिघडलं आहे.

आधी वाटलं, नुसतं चालणं आहे. एकसारखी पावलं. मग वाटलं की हा माणूस मला हाताला धरून एका घरातून फिरवतोय आणि बाकीचे खिडक्या उघडताहेत. मला नीट लिहिता येत नाही. ट्रम्पेटवाल्याने वाद्याच्या तोंडाला बूच लावून वाजवायला घेतलं तेव्हा बागेच्या फाटकाबाहेर आइस्क्रीमच्या गाडीची घंटा वाजली. मला वाटलं, झालं, बेरंग झाला. पण पियानोवाल्याने ती घंटा तशीच्या तशी उचलली, ट्रम्पेटने ती उलटी केली, ड्रमवाल्याने थाळीच्या कडेवर वाजवून दाखवली आणि बघता बघता त्या घंटेचं गाणं झालं. गाडीवाला फाटकाशी उभा राहून बघत होता. मला रडू आलं. कशाचं ते विचारू नकोस, दुःखाचं नव्हतं.

मग सॅक्सोफोन आणि ड्रम यांचा सवाल-जवाब झाला. मी जागेवर बसू शकले नाही, खुर्चीच्या मागे जाऊन उभी राहिले. दंतवैद्य म्हणाले की तुम्ही सगळ्या अंगाने ऐकता, अशी माणसं फार थोडी असतात. पंखेवाल्या बाईंनी आपला पंखा मला दिला. आता सगळे मला ठकीच म्हणतात. तुला काय म्हणतात विचारलं तर कोणाला तुझं नाव माहीत नव्हतं. चौथ्या रांगेतल्या बाई म्हणतात. मला गंमत वाटली.

दुकानात कापड बेतताना मी आता दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला कात्री चालवते. यांनी कानात कापूस घातला आहे.

ताई, हे सगळं तू इतकी वर्षं एकटीच ऐकत होतीस? मला कधी नेलं का नाहीस?

आईचं तारखात्याचं मला माहीत नव्हतं. नाना मला असं कधी बोलले नाहीत.

आहे तितका लोभ राहू दे, थोडा वाढला तर हरकत नाही.

तुझी ठकी

---

८ जून

ठकीस,

पत्र पोचलं. नाना ठीक. पडून पडून जखम झाली होती पाठीला, भरत आली आहे.

खुर्चीच्या मागे उभं राहू नये. मागच्यांना दिसत नाही. हे तुला कोणी सांगितलं नसेल तर मी सांगते.

पंखा परत कर.

लोभाचं पुढच्या पत्रात बघू.

ताई

---

१७ जून

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पंखा परत केला. उभी राहत नाही.

गेल्या शनिवारी विशेष काही नव्हतं. वारा फार होता, कागद उडत होते. कलाकारही नेहमीचेच. मी मध्यंतरातच परत आले, हॉटेलचे पडदे राहिले होते. दंतवैद्य आले नव्हते. एकंदरीत तू काही चुकवलं नाहीस.

धाकट्याचा दात पडला. मोठी पोहायला शिकते आहे. आमचे हे बरे आहेत.

नानांच्या पाठीची काळजी वाटते. मी काही पाठवू का? तू थकली असशील.

पत्राला उशीर झाला तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझी ठकी

---

२२ जून

ठकी,

काल मेहुण्यांनी नानांची विचारपूस करायला फोन केला. बोलता बोलता म्हणाले की ठकी गेल्या शनिवारी घरी आली ती वेड लागल्यासारखी. बागेत एक म्हातारे सॅक्सोफोनवाले अचानक आले होते म्हणे, आजारपणानंतर पहिल्यांदाच. लोक उठायला तयार नव्हते, ठकी सगळ्यात शेवटी निघाली. मी म्हटलं, हो, तिने लिहिलंय मला. नाना बघत होते, दुसरं काय म्हणणार.

ठकी, त्या माणसासाठी मी पहिल्यांदा बागेत गेले. त्याची फुप्फुसं गेली, तो पुन्हा वाजवणार नाही असं जाहीर झालं तेव्हा मी आठवडाभर नीट जेवले नाही. तरी दर उन्हाळ्यात जात राहिले, कारण कोणी सांगावं. तो आला. आणि माझ्या खुर्चीत तू होतीस.

वर तू मला लिहितेस की वारा फार होता. तू माझी कीव केलीस. मला तुझा हेवा चालला असता, कीव चालत नाही.

आता लिहायलाच बसले आहे तर सगळं लिहिते. तुझं ते घंटेचं पत्र मी दोनदा वाचलं आणि फाडायला घेतलं. तू माझ्याहून वाईट ऐकलं असतंस तर मला बरं वाटलं असतं. लहानपणी गळा तुला मिळाला, नानांचं हसू तुला मिळालं, तुझं घर भरलेलं आहे. मी कधी तक्रार केली नाही, खोटं वाटत असेल तर नानांना विचार. आपल्या घरात ज्याला कोणाचा हात लागला नव्हता असं माझ्याकडे हे एकच होतं. तुला नेलं नाही ते मुद्दाम नेलं नाही. नेलं असतं तर तिसऱ्या आठवड्यात सगळे तुला नावाने हाक मारणार हे मला माहीत होतं. झालं तसंच.

पत्र टाकावं की नाही ठरत नाही. टाकते.

ताई

---

२६ जून

ताई,

नमस्कार. तुझं पत्र दुकानात वाचलं, मग मागच्या खोलीत कापडाच्या ताग्यांवर बसून राहिले.

मी खोटं लिहिलं. तुझं ते पंख्याचं पत्र आल्यापासून मला तुझी भीती वाटायला लागली होती. कीव नव्हती, भीती होती. पण तू म्हणतेस तर थोडी कीवही असेल.

आता माझं ऐक. तुझ्या प्रत्येक पत्रात मी जॅझबद्दलचं आधी वाचत नाही. नाना काय म्हणाले ते शोधते. आईचं तारखात्यातलं वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. मी त्यांची लाडकी, हे सगळे म्हणतात. लाडकीला ते गोड बोलतात, चिमटा काढतात, आणि खरं काही सांगत नाहीत. तुला सांगतात. तू त्यांच्या पाठीची जखम बघतेस, त्यांना शिव्या देतेस, दुपारभर त्यांच्याजवळ असतेस. मी आले की ते चांगला सदरा घालून बसतात. ताई, मी जळते आहे. हा शब्द मी पहिल्यांदाच लिहिते आहे.

तर मी ठरवलं आहे. शेवटचा कार्यक्रम पाच जुलैला आहे आणि तुझे सॅक्सोफोनवाले म्हातारबुवा त्यात वाजवणार अशी पाटी लागली आहे. मी दोन तारखेला तिकडे येते. दुकान आणि मुलं हे बघतील. त्यांना विचारलं नाही, सांगितलं. तू मला नानांना वळवायचं कसं ते एका दिवसात शिकव आणि निघ. नको म्हणू नकोस. तुझ्यासाठी करत नाही मी हे.

रागासकट लोभ असू दे.

ठकी

---

६ जुलै

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

तुझ्याच घरून लिहिते आहे. मेहुण्यांनी चहा दिला, फार गोड होता, प्यायले.

काल वेळेच्या आधीच जाऊन बसले. चौथ्या रांगेत पाऊल ठेवलं तर पंखेवाल्या बाई आनंदाने वळल्या, आणि मला बघून त्यांचा चेहरा इतका पडला की मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं. ठकी नाही का आली, असं त्यांनी विचारलं. मागच्या रांगेतूनही कोणीतरी तेच विचारलं. मी तुझा निरोप नसताना सगळ्यांना तुझा नमस्कार सांगितला.

दंतवैद्य आले. मान हलवली. बसले. मी वाट बघत होते की आता माझ्याशीही अंगठ्यांबद्दल वगैरे बोलतील. बोलले नाहीत. संगीत सुरू झालं आणि आम्ही दोघं नेहमीसारखे गप्प. मग लक्षात आलं की त्यांनी आपली पिशवी उचलून पलीकडे ठेवली होती, माझ्या पायांना जागा व्हावी म्हणून. ते दरवर्षी हेच करतात. तुझ्याशी ते बोलतात, माझ्याशी गप्प बसतात. मी याला कमी समजत होते. काल मला हे सोडून दुसरं काही नको होतं.

म्हातारबुवा आले नाहीत. सुरुवातीलाच ट्रम्पेटवाल्याने सांगितलं की त्यांना पुन्हा दवाखान्यात ठेवलंय. मी डोळे मिटून बसून राहिले. बाकीच्यांनी छान वाजवलं. फारच छान वाजवलं, बासवाल्याने तर मान खाली घालून असं काही वाजवलं की मी तुला विसरले, नानांना विसरले, स्वतःलाही. ते एक संध्याकाळभर पुरलं. घरी येताना मात्र पुन्हा आठवलं.

ठकी, तो आता परत वाजवेल असं मला वाटत नाही. तू त्याला ऐकलंस आणि मी नाही ऐकलं. हे असंच राहणार. मी खूप प्रयत्न करून बघितला, माझा हेवा गेला नाही. तेव्हा तो बाजूला बसू दे आणि तू माझं एक काम कर. त्या दिवशी त्याने काय वाजवलं, कसं वाजवलं, ते मला लिही. मला बरं वाटावं म्हणून कमी करू नकोस. जितकं होतं तितकं लिही.

नानांची उशी डाव्या बाजूला ठेव.

आशीर्वाद. या वेळी उरलेला सगळा लोभ.

ताई

---

१० जुलै

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

नाना झोपलेत. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर चांगला सदरा मागितला. मी दिला नाही. दोन दिवस रुसले. काल वळवताना मला म्हणाले की ताईचा हात जास्त बरा आहे, तू दुखवतेस. मला राग आला आणि मग इतकं बरं वाटलं, कारण हे ते मला खरं बोलले होते.

आता लिहिते.

त्या शनिवारी मध्यंतरानंतर ते आले. अंगात कोट, एवढ्या उकाड्यात. दोघांनी धरून खुर्चीवर बसवलं. सॅक्सोफोन मांडीवर आडवा ठेवला होता. बाकीच्यांनी सुरू केलं, त्यांनी वाद्य तोंडाला लावलंच नाही. चाल पूर्ण एक वेळ फिरून आली तरी ते नुसते ऐकत होते. मला वाटलं, विसरले.

मग एक सूर वाजवला. बारीक होता. सुराच्या आधी श्वास ऐकू आला, आणि सुरानंतरही. मग थांबले. इतका वेळ थांबले की मागे कोणीतरी खाकरलं. मग दुसरा. ताई, त्यांच्याकडे वारा उरला नव्हता, म्हणून ते नको असलेलं काही वाजवतच नव्हते. वाक्याचा शेवटचा शब्द तेवढा सांगायचे, आधीचं आपण समजून घ्यायचं. ड्रमवाल्याने काठ्या खाली ठेवून तारांचे ब्रश घेतले, तेही नीट टेकवत नव्हता. बागेतले लोक पुढे वाकले. दंतवैद्यांनी चष्मा काढून हातात धरला होता.

मग एक लांब ओळ त्यांनी सुरू केली, वर चढत जाणारी, आणि अर्ध्यावर श्वास संपला. तोंड वाद्यावरच होतं, आवाज नव्हता. ट्रम्पेटवाला त्यांच्याकडे पाठ करून उभा होता. त्याने वळूनही न बघता ती ओळ तिथूनच उचलली आणि पुरी केली, अगदी हळू, त्यांच्याच आवाजात वाटावी अशी. म्हातारबुवांनी मान हलवली, श्वास घेतला, आणि पुढची ओळ वाजवली. त्यानंतर शेवटपर्यंत ते असंच चाललं. ते सुरू करायचे, तो पुरी करायचा. कुठे एक संपतोय आणि दुसरा लागतोय ते मला नंतर नंतर कळेना.

संपल्यावर कोणी टाळी वाजवली नाही. मीही नाही. मग सगळ्यांनी एकदम.

इतकंच होतं. कमी केलं नाही.

घरी जाताना मला तुझी आठवण आली का, असं तू विचारलं नाहीस. नाही आली. दुसऱ्या दिवशी सकाळी आली. आणि मला ते ऐकायला मिळालं याचं मला वाईटही वाटत नाही, वाटतं असं तुला म्हटलं तर खोटं होईल.

नाना जागे झाले आहेत, कोणाला लिहितेस विचारताहेत. ताईला म्हटलं. म्हणाले, तिला सांग सावकाश ये. मीही तेच सांगते, ताई. इतक्यात येऊ नकोस. मला अजून थोडे दिवस हवे आहेत.

लोभ मागत नाही आता, तो तुला टाळता येणार नाही.

तुझी ठकी